मास्तरांचं तटस्थ गाऱ्हाणं

तटस्थ हा शब्द सुभद्रेच्या घरात शिरला तो एस्टीने. दुपारच्या गाडीतून गावातले बागायतदार भाई यांचा पेपर यायचा, आदल्या दिवशीचा. भाईंनी तो दारची शोभा म्हणून लावला होता. भाईंच्या पडवीत बसून पहिल्या मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत तो वाचायचं काम करायचे सुभद्रेचे यजमान, गुरुदास मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्याला दोन वर्षं झाली, हा नेम काही चुकला नव्हता. पेपरातल्या बातम्या ते घरी आणत नसत. बायकोला त्यात रस नाही असं त्यांनी तिला न विचारताच ठरवलं होतं. पण एक दिवस हा शब्द मात्र आणला, आणि आणला तो कायमचा.

"जगात सध्या दोन गोट आहेत," ते पायरीवर चपला काढता काढता म्हणाले. "आपला देश कुठल्याच गोटात नाही. आपण तटस्थ." मास्तर एरवी घरात सगळ्यांसारखे मालवणी बोलत, पण तत्त्व सांगायचं झालं की त्यांच्या तोंडी शाळेची भाषा येई.

"बरा झाला," सुभद्रा म्हणाली. "आता सांगा, बांगड्यांचा तिकला करू काय भाजू?"

"दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे."

त्या रात्री मास्तरांना नुसत्या सोलकढीवर भात जेवावा लागला, कारण बांगडे मांजराने नेले. मांजराला शुक म्हणायलाही ते उठले नव्हते. पुढे हे वाढतच गेलं. दारातल्या केळीला शेजारची गाय लागली, तर काठी घ्यायची सोडून हे म्हणाले, गायीचीही एक बाजू आहे. भजनी मंडळात पेटी कोणी वाजवायची यावरून दोघे हातघाईवर आले, तेव्हा मास्तर मधोमध बसून दोघांकडे पाहून सारखीच मान हलवत राहिले. लोक म्हणायचे, मास्तर म्हणजे देवमाणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सुभद्रा मनात म्हणायची, देवमाणसाबरोबर तीस वर्षं संसार करून बघा, मग बोला. भिंतीशी बोललं तर निदान आपला आवाज तरी परत येतो.

इथवर ठीक होतं. बांगडे गेले, केळ गेली, सोसलं. पण त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट सालच्या चैत्रात, बावीचं प्रकरण उभं राहिलं, आणि सुभद्रेचं डोकं फिरलं.

बाव म्हणजे आमच्याकडे विहीर. ती भाईंच्या जमिनीत होती, पण खणली होती सत्यवानाने. सत्यवान म्हणजे भाईंचा चुलतभाऊ. बोटीवर खलाशी होता. अकरा वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याने बावीचं मनावर घेतलं. आमचा भाग सगळा कातळाचा. पहार मारली तर ठिणगी उडेल, पाणी उडायचं नाही. सत्यवानाच्या परड्यात दोनदा खणून पाणी लागलं नाही. मग भाई म्हणाले, माझ्या बांधाला लागून बघ, लागलं तर दोघांचं. सत्यवानाने एका उन्हाळ्यात तीस हात कातळ फोडला आणि पाणी लागलं, तेही असं गोड की गावातल्या बायका नुसती चव घ्यायला येऊन गेल्या.

मग बावीची पूजा झाली. काठावर नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घालायची वेळ आली. गाऱ्हाणं म्हणजे देवाला उभ्याने हाक मारून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तिथे जे बोललं जाईल ते आमच्याकडे स्टँपकागदापेक्षा पक्कं. सत्यवान म्हणाला, गाऱ्हाणं मास्तरांनी घालायचं, त्यांच्यासारखं तोंड गावात दुसरं नाही. मास्तरांनी घातलं. तेव्हा ते तटस्थ झाले नव्हते, त्यामुळे खणखणीत घातलं. हजर होती ती दोन घरांतली माणसं, मास्तर, आणि नारळाच्या रसातले शिरवाळे करायला बोलावलेली सुभद्रा. गावचे बाकीचे त्या दिवशी कुणकेश्वराला गेले होते.

आता सत्यवान उरला नव्हता. तीन वर्षांपूर्वी बोटीवरच तापाने गेला. मागे राहिली ती त्याची बायको जानकी, एकटी. ना मूल ना बाळ. परड्यात चार वाफे मिरची, दोन वाफे लाल भाजी करायची आणि बाजारच्या दिवशी टोपली घेऊन जायची. तिचं सगळं त्या बावीवर. आणि भाईंनी त्या चैत्रात बावीवर इंजिन बसवलं, हापूसची नवी कलमं शिंपायला. इंजिनाला कुंपण घातलं, कुंपणाला दार केलं आणि दाराला कुलूप लावलं.

जानकी विचारायला गेली, तर भाई म्हणाले, "बाव माझ्या जमनीत आसा. तुझो कायतरी हक्क आसा म्हणतंस, तर कागद दाखय."

कागद कुठला? कागद म्हणजे मास्तर. भाई सोडले तर गाऱ्हाणं ऐकलेली तीन माणसं गावात जिवंत होती. जानकीचं कोणी ऐकणार नव्हतं, तिचाच दावा म्हटल्यावर. भाईंची बायको काशीबाई नवऱ्याविरुद्ध तोंड उघडणार नव्हती. उरले मास्तर. सुभद्रेने हिशेब केला तो असा, आणि त्यात स्वतःला धरलं नाही. हे तिच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

"तुमी पंचांका जावन सांगा," ती मास्तरांना म्हणाली. "तुमीच गाऱ्हाणां घातलास. दुसरो कोण सांगतलो?"

"मी दोघांचाही स्नेही आहे. मला तटस्थ राहिलं पाहिजे."

"तटस्थ रवतास ता भाईच्या पडवेर बसान. च्या भाईची, पेपर भाईचो, पंखो घेवन वारो घालूक भाईचो गडी. जानकीच्या खळ्यात येक दिवस तरी तटस्थ बसलास?"

"तिच्याकडे पेपर येत नाही," मास्तर म्हणाले. आणि ते हे थट्टेने म्हणाले नव्हते, याचाच सुभद्रेला जास्त संताप आला.

पण एक गोष्ट तीही बोलत नव्हती आणि मास्तरही. त्यांचा मुलगा लवू मुंबईत गिरणीत लागला होता आणि भाईंच्या थोरल्या मुलाच्या खोलीत राहत होता. खोलीत गावचे नऊ जण. भिंतीकडच्या एका अंथरुणाची जागा लवूची. ती मिळावी म्हणून वर्षभर पत्रं लिहावी लागली होती. भाईंनी मुलाला दोन ओळी लिहिल्या की ती जागा जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. रोज संध्याकाळी दिवा लावताना सुभद्रेच्या डोळ्यांसमोर ते अंथरूण यायचं, मग जानकीची रिकामी कळशी यायची, आणि दोन्हींचा राग ती मास्तरांवर काढायची.

वैशाख लागला. जानकी पाऊण मैल उतरून खाडीकडच्या बावीवर जाऊ लागली. तिथलं पाणी मचूळ. डाळ शिजत नाही, तहान भागत नाही. मिरचीचे वाफे आधी वाकले, मग वाळले. सुभद्रेच्या परसात एक उथळ बाव होती, उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा कळशा द्यायची. त्यातली एक ती रोज दुपारी जानकीला द्यायची. जेवणं झाली, आळी निजली, की जानकी मागच्या दाराने येई आणि कळशी उचलून माडांच्या आडून जाई. एवढं आपण करतो, म्हणून सुभद्रेला मनातून बरं वाटायचं. नवरा तटस्थ असला तरी आपण नाही, असं तिला वाटायचं.

एक दिवस जानकी कळशी उचलायची सोडून उंबऱ्यावर बसली. "वयनी, मी बांद्याक जातंय," ती म्हणाली. बांद्याला तिचा भाऊ होता. "हंय पाणी नाय तर रवान काय करू?"

सुभद्रेला पुढचं सगळं दिसलं. जानकी गेली की घर पडणार, जमीन ओस पडणार, आणि दोन वर्षांत तिथेही भाईंची कलमं उभी राहणार. भाईंना तेच हवं असणार. घो गेला तेव्हा जानकी गेली नाही, उपास काढले तेव्हा गेली नाही, आणि आता पाण्याच्या एका कळशीसाठी जाणार होती. "मी ह्येंका सांगान सांगान थकलंय," सुभद्रा म्हणाली. "ह्ये माणूस नाय, खांब आसा. काय ता तटस्थ."

जानकीने कळशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वयनी, माका ही कळशी तू मागल्या दारान कित्याक देतंस?"

"म्हणजे?"

"फुडल्या दारान कित्याक नाय?"

सुभद्रेने कळशी तिच्याकडे सरकवली.

"गाऱ्हाणां घातला त्या दिसा तूय होतंस थंय," जानकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती विचारत होती. "शिरवाळे तुयाच केललंस. मास्तर नाय सांगत तर नाय. तू कोणाक सांगलंस?"

"बायलमाणसाचा कोण ऐकता?"

"ऐकतत काय नाय ता मागसून. तू सांगलंस खंय?"

कळशी उचलून ती गेली. सुभद्रेला तिचा भयंकर राग आला. रोज पाणी द्यायचं, तेही आपल्या घरात पुरत नसताना, आणि वर हे ऐकून घ्यायचं. संध्याकाळपर्यंत ती धुसफुसत होती. भांडी आपटली, कोंबडीला उगाच शिव्या घातल्या. मग दिवा लावताना एकदम हात थांबला. महिनाभर मी ह्यांना टोचते आहे, तिच्या मनात आलं, आणि मी कोण? हे भाईच्या पडवीत बसून गप्प आहेत, मी मागच्या दारात उभी राहून गप्प आहे. हे निदान आपण तटस्थ म्हणून सांगतात तरी. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मास्तरांचा आणखीच राग आला. अशा वेळी नवऱ्याचा फार उपयोग होतो.

दरम्यान गावात कुजबुज झाली होतीच. विधवा बाई गाव सोडून जाते म्हटल्यावर मानकऱ्यांना गप्प बसणं बरं दिसेना. सगळ्यांत मोठे मानकरी बाबली. सत्तरी उलटलेले, दम्याने बेजार. त्यांनी दोन्हीकडे निरोप पाठवला की सोमवारी सकाळी रवळनाथाला कौल लावायचा. देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेली फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालून विचारायचं, आणि कुठली पाकळी पडते ते बघायचं. देवाने कौल दिला की त्यापुढे कोणाची बोलायची छाती नाही. बाबलींना दम्याने गाऱ्हाणं घालणं जमत नव्हतं. मग ते घालायचं कोणी, यावर मात्र भाई आणि जानकी दोघांचं लगेच एकमत झालं. मास्तरांनी, कारण ते तटस्थ.

मास्तरांना इतका आनंद सुभद्रेने लवूच्या बारशानंतर पाहिला नव्हता. दोन दिवस ते पाठकोऱ्या कागदावर लिहीत आणि खोडत होते. "बघ," ते तिला म्हणाले, "तटस्थ माणसाचाच शेवटी उपयोग होतो." सुभद्राही मनातून निवळली. चला, तिला वाटलं, यांना सांगायचं नाही तर नाही. देवाला विचारतील, देव सांगेल, आणि लवूचं अंथरूणही शाबूत राहील. म्हणजे तिनेही आपलं ओझं देवाच्या डोक्यावर टाकलं आणि शांत झोपली.

सोमवारी देऊळ भरलं. पुरुष सभामंडपात, बायका खांबांच्या पलीकडे, आणि देवासमोर एका अंगाला भाई, दुसऱ्या अंगाला जानकी. धोंडू गुरवाने देवाला आंघोळ घातली, पाकळ्या चिकटवल्या आणि बाजूला झाला. मास्तर पुढे आले. धोतर कडक, टोपी सरळ. हात जोडून त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा..."

"व्हय म्हाराजा."

"आज हंय तुझ्या दोन लेकरांत बावीवरसून मतभेद उत्पन्न झाले आसत..."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हाराजा, कोणाचोय पक्ष न धरता, दोनय बाजूंचो सारासार विचार करून, जो काय उचित निर्णय आसात, तो तू पाकळी पाडून दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," देऊळभर आवाज घुमला. पण सुभद्रेच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी राहिलं होतं. काय, ते तिला कळेना. ती मनातल्या मनात गाऱ्हाणं परत म्हणून बघते आहे, तोवर देवाच्या उजव्या अंगाची पाकळी सुटली आणि खाली पडली.

"उजवो," धोंडू म्हणाला. लोकांनी हात जोडले. मग जो तो एकमेकांकडे बघायला लागला.

"उजवो म्हणजे कोणाचो?" कोणीतरी विचारलं.

"माझो," भाई म्हणाले. "मी उजव्या अंगाक उभो आसंय."

"आमच्या उजव्या," धोंडू म्हणाला. "देव आमच्याकडे तोंड करून आसा. देवाच्या उजव्या अंगाक जानकी आसा."

"पण देवान काय जाग्यावरसून ठरवल्यान?"

आवाज वाढले. बाबली खोकत खोकत उठले आणि मास्तरांसमोर येऊन उभे राहिले. "मास्तरांनु," ते म्हणाले, "बाव दोघांची आसात तर उजवी पाड, भाईची येकट्याची आसात तर डावी पाड, असा इचारतत कौलाक. उजवी पडली तर काय, ह्या देवाक सांगलास खंय तुमी?"

"कसं सांगणार?" मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा निरागस होता. "एकाची बाजू उजवीला जोडली असती, तर तो पक्षपात झाला असता."

बाबलींनी डोक्याला हात लावला. सत्तर वर्षांत असला कौल त्यांनी पाहिला नव्हता. देवाने उत्तर दिलं होतं आणि प्रश्नच कोणी विचारला नव्हता. खांबाआड सुभद्रेला वाटलं, आपण इथेच रडावं की हसावं. ज्या माणसाने बांगड्यांचं तिखलं की भाजलेले एवढंही सांगितलं नाही, त्याला आपण देवापुढे उभं केलं होतं.

"परत इचारूया," धोंडू म्हणाला.

"नाय," भाई म्हणाले. ते शांत होते. "येक गोष्ट देवाक वर्साच्या आत दोनदा इचारूची नाय. आमची रीत आसा. बाबलीकाका, आसा काय नाय?"

"आसा," बाबलींना म्हणावंच लागलं.

"मगे झाला. फुडल्या वर्सा इचारूया. तवसर आसा तसा ऱ्हवांदे."

आहे तसं राहू दे. सुभद्रेने ते शब्द ऐकले आणि तिला लख्ख दिसलं की आहे तसं म्हणजे काय. आहे तसं म्हणजे दाराला कुलूप. आहे तसं म्हणजे खाडीवरची वाट, आणि पुढच्या वर्षी कौल लावायच्या आधीच बांद्याची गाडी. देव गप्प, मास्तर गप्प, आपण गप्प, आणि बोलत होतं ते एकटं भाईचं कुलूप. पलीकडे जानकीने पदर सारखा केला होता आणि ती निघायच्या तयारीत होती. ती कोणाकडेच बघत नव्हती, सुभद्रेकडेही नाही.

सुभद्रेला लवूचं अंथरूण आठवलं. तरी ती खांबाच्या अलीकडे आली.

"माका येक सांगूचा आसा," ती म्हणाली.

"मास्तरणी," बाबली म्हणाले, "बायलमाणसान देवळात गाऱ्हाणां..."

"मी गाऱ्हाणां घालणंय नाय. ह्येंनी घातलला तेवढा सांगतंय. बाव खणली तेच्या पूजेक मी होतंय थंय. शिरवाळे करूक गेल्लंय." तिचा आवाज बरा लागला. "ह्येंनी नारळ फोडलो, आणि म्हटल्यानी, बा देवा, ही बाव सत्यवानान खणली, भाईच्या जमनीत खणली. तर हेचा अर्धा पाणी भाईच्या घराक, आणि अर्धा पाणी सत्यवानाच्या घराक..."

"अर्धा अर्धा नाय," मास्तर म्हणाले.

सगळे वळले. मास्तरांचा चेहरा शाळेत चुकीची कविता ऐकताना व्हायचा तसा झाला होता.

"अर्धा अर्धा असा मी म्हणतलंयच कसो?" ते म्हणाले, आणि ते मालवणीत बोलत होते हे त्यांना कळलंही नाही. "पाण्याक काय फाळे करतत? वाक्य असा होता." त्यांनी हात जोडले, कारण हात जोडल्याशिवाय त्यांना ते आठवत नसावं. "बा देवा म्हाराजा, ही बाव येकान खणली आणि येकान जमीन दिली. तर हेच्यार घरां दोन, पण दोरी येक. जेका तहान लागात तेणा दोरी धरूची, आणि कोणी कोणाच्या हातातसून दोरी काढूची नाय. पोरांच्या पोरांपर्यंत असाच चलांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खं देऊळ म्हणालं. ठरवून नाही, गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की आमच्या माणसाच्या तोंडून ते निघतंच. भाईंच्या तोंडूनही अर्धं "व्हय" बाहेर पडलं. उरलेलं त्यांनी गिळलं, पण शेजारच्या चौघांनी ते ऐकलं होतं.

मास्तरांनी हात खाली घेतले. मग त्यांना कळलं की आपण काय केलं. त्यांनी भाईंकडे पाहिलं, जानकीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं ते बहुधा दुसरी बाजू सांगायला. पण दुसरी बाजू काही सापडली नाही. बाबली म्हणाले, "भाई, चावी." भाईंनी ती कमरेची सोडली, जानकीच्या हातात न देता देवापुढे फरशीवर ठेवली, आणि चपला घालून निघून गेले.

घरी जाताना मास्तरांनी विचारलं, "तू मुद्दाम चुकलंस?" सुभद्रा चालत राहिली. तीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती. त्याला काय सहन होतं आणि काय होत नाही, हे तिला पेपर न वाचता माहीत होतं.

मास्तरांचा भाईंच्या पडवीतला पेपर बंद झाला. दोन आठवड्यांनी लवूचं पत्र आलं. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं, वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. अंथरूण गेलं होतं. लवू आता चाळीच्या जिन्याखाली झोपत होता. पावसाळ्यात काय होईल ते सांगता येत नाही, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "गावच्या भांडणात तुम्ही दोघे कशाला पडलात? बाबा तर नेहमी तटस्थ असतात."

सुभद्रा चुलीपाशी बसून रडली. आपण केलं ते बरोबर केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने तिचं रडणं अजिबात कमी झालं नाही. जिन्याखाली. तिथे पाणी साचत असणार, उंदीर असणार.

मास्तर दौत-टाक घेऊन बसले. ती डोळे पुसून बाहेर आली. "काय लिवतास?" तिने विचारलं. तिला वाटलं, आता दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं लिहितील, आणि तसं लिहिलं तर दौत डोक्यावर ओतायची हेही तिने ठरवलं.

मास्तरांनी वाचून दाखवलं. "चिरंजीव लवूस आशीर्वाद. तुझी आई देवळात बोलली ते खरे आहे. ते अकरा वर्षांपूर्वी मीच बोललो होतो. भाईंनी कुलूप लावले त्या दिवशीच मी तसे सांगितले असते, तर कदाचित कुलूप लागले नसते, आणि तुझे अंथरूणही गेले नसते. मी दीड महिना गप्प राहिलो. दोष माझा आहे."

सुभद्रा त्यांच्याकडे बघत राहिली. "ह्या इतके दिस खंय ठेवललास?" ती म्हणाली. मग त्यांच्याजवळ खाली बसली. "माझाय नाव घाला."

"तुझं कशाला? तू तर बोललीस."

"मागसून. आधी मीय गपच होतंय. कळशी मागल्या दारान देय होतंय."

"पण ते वेगळं. बघायला गेलं तर त्यालाही एक..."

"बाजू नको," सुभद्रा म्हणाली. "घाला म्हटलंय मां."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. "दोष माझा आहे" यातलं "माझा" त्यांनी खोडलं, वर बारीक अक्षरात "आम्हां दोघांचा" असं लिहिलं, आणि वाक्य नीट झालं की नाही ते एकदा वाचून बघितलं. बाहेर जानकीची हाक आली. ती भरलेली कळशी घेऊन पुढच्या दारात उभी होती. सुभद्रेची उथळ बाव आता आटली होती.